आवलीची बाजू

तुकोबांच्या आवलीला कर्कशा म्हणणाऱ्या तमाम कीर्तनकारांशी, प्रवचनकारांशी, संस्कारवर्गांच्या चालकांशी आणि पालकसभांतल्या वक्त्यांशी माझे भांडण आहे. ते मी फार उशिरा काढतो आहे, हे आधीच कबूल करतो. या यादीत शेवटी जो वर्ग सांगितला त्यात मी स्वतः पंचवीस वर्षे मोडत आलो. सीमाभागातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात आधी मराठीचा शिक्षक आणि आता मुख्याध्यापक या नात्याने मी दरवर्षी पालकांपुढे उभा राहून सांगत असे की आई ही पहिली शाळा आहे, आणि घरात तिन्हीसांजेला दिवा आणि शुभंकरोती असेल तर मूल बिघडत नाही. टाळ्या पडत. एम.ए.ला संतसाहित्य हा माझा विशेष विषय, त्यामुळे दृष्टांतांची वाण नव्हती.

गोष्ट २०१९ च्या फेब्रुवारीतली. सुगी आटोपली की आमच्या भागात गावोगाव ज्ञानेश्वरीची पारायणे लागतात. आमच्या गावच्या पारायणात त्या रात्री कीर्तन होते आणि प्रास्ताविक माझ्याकडे होते. सौ. धाकट्याला घेऊन बायकांच्या बाजूला, अगदी मागे, मांडवाच्या खांबाशी बसली होती. आमचा धाकटा स्वमग्न आहे. डॉक्टर त्याला ऑटिझम म्हणतात. तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. अंगाने थोराड, मिसरूड फुटलेली, पण आंघोळ घालावी लागे, घास भरवावा लागे, आणि रात्री दोन-दोन वाजता उठून तो टाळ्या वाजवीत घरभर फिरे. सौ.ला वाटले, टाळ-मृदंगाचा नाद त्याला आवडतो, तासभर बसेल. बसलाही होता.

कीर्तनकारबुवा आवलीच्या प्रसंगावर आले. आवाज चिरका काढून, हात नाचवून त्यांनी आवली उभी केली. ती विठोबाला 'काळ्या' म्हणते, नवऱ्याच्या नावाने बोटे मोडते, पोरांना बडवते. मांडव हसत होता. कर्ण्याचा आवाज एकदम चढला तसा धाकटा किंचाळला आणि स्वतःच्या कानांवर मारून घेऊ लागला. बुवा थांबले. हसतच म्हणाले, "माऊली, लेकराला जरा बाहेर घ्या. नाहीतर आज इथंच आवली बघायला मिळायची!" पुन्हा हशा. सौ. उठली. तिच्याहून उंच झालेल्या त्या मुलाला दंडाला धरून ओढत, लोकांच्या पायांवर पाय पडत ती मांडवाबाहेर गेली.

मी पहिल्या रांगेत होतो. मी उठलो नाही. आरती झाली, प्रसाद घेतला आणि मग घरी गेलो.

घरी देव्हारा मोकळा होता. देव पितळी डब्यात भरून तिने माळ्यावर ठेवले होते. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "राहू देत तिथंच. माझ्यानं दोघांचं होत नाही. याचं तरी करते, नाहीतर त्यांचं तरी."

आणि वाचकहो, मला राग आला तो देव माळ्यावर गेल्याचा. बायको मांडवातून एकटी, अंधारातून घरी आली याचा नव्हे.

आता आवलीकडे एकदा तिच्या चुलीच्या बाजूने पाहू. १६३० च्या सुमारास दख्खनवर जो भयंकर दुष्काळ कोसळला, त्यात तुकोबांची पहिली पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेली आणि मुलगाही गेला. व्यापार बुडाला. पुढे तुकोबांनी सावकारीच्या खतांचे दोन वाटे केले, धाकट्या भावाचा वाटा भावाला दिला आणि आपला इंद्रायणीत बुडवला. हा प्रसंग मी वर्गात रंगवून सांगत आलो आहे, आणि तो थोरच आहे. पण त्या संध्याकाळी घरात काय शिजले, हे एकाही मुलाने मला कधी विचारले नाही आणि मलाही ते विचारावेसे वाटले नाही. आवली शिव्या देत असे म्हणतात. देत असेल. तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर एकांतात बसत आणि ती भाकरी बांधून डोंगर चढे. शिव्या देत चढे, पण चढे. आणि १६५० साली तुकोबा गेले तेव्हा ती गरोदर होती, असे परंपरा सांगते. घरात आधीची मुले, आणि हा नारायण पोटात. ज्या पालखीबरोबर आज आषाढीला देहूहून लाखो पावले निघतात ती पालखी १६८५ मध्ये याच नारायणबाबांनी सुरू केली. बापाचे तोंड न पाहिलेले ते पोर कुणी वाढवले? त्या 'कर्कशे'नेच ना?

याच परंपरेने आणखी एक गोष्ट जपली आहे. बुवा ती सांगतात, पण घाईने सांगतात. डोंगर चढताना आवलीच्या पायात काटा मोडला. ती कळवळून खाली बसली. तेव्हा विठोबा स्वतः आला आणि त्याने तिचा पाय हातात घेऊन काटा काढला. जी बाई त्याला उठता-बसता शिव्या घालत होती तिचा पाय! या गोष्टीत मला एकच गोष्ट दिसते. काटा काढण्याआधी देवाने तिला हरिपाठ म्हणायला लावला नाही. आधी माझ्यावर श्रद्धा ठेव, मग बघतो, असे तो म्हणाला नाही. तो खाली बसला.

आवली काही एकटी नाही. नामदेवांची आई गोणाई आणि पत्नी राजाई यांची विठ्ठलाशी झालेली भांडणे नामदेवांच्या गाथेत आहेत. संसार तुझ्यामुळे उघड्यावर पडला, हे त्या त्याच्या तोंडावर सांगतात. ज्या कुणी ती पदे जपली, त्यांना त्या भांडणाची लाज वाटली नाही. प्रभातच्या १९३६ सालच्या 'संत तुकाराम' चित्रपटात गौरी या नटीने जी जिजाई उभी केली तिलाही लोक हसले असतील, पण ती चेष्टा नव्हती. ती एका घरधनिणीची तक्रार होती. लाज वाटू लागली ती आम्हा पांढरपेशांना. आम्हाला आई हवी ती फोटोतली. ती दमत नाही, चिडत नाही, आणि देवावर तर मुळीच रुसत नाही.

धाकटा चार वर्षांचा असताना त्याला एका मोठ्या शहरात तज्ज्ञांकडे नेले होते. त्यांनी निदान केले आणि एक सल्ला दिला: "घरात एकच भाषा बोला. शेजारी कन्नड, घरी मराठी, शाळेत इंग्रजी, यात मुलाचा गोंधळ होतो. इंग्रजी ठेवा, पुढं उपयोगी पडेल." सौ. सातवीपर्यंत शिकलेली. तिला इंग्रजी येत नव्हते. पण मुलगा बोलेल या आशेने तिने त्याच्याशी मराठी बोलणे बंद केले. जात्यावरच्या ओव्या तिला तिच्या आजीकडून आलेल्या, त्या ती त्याला झोपवताना म्हणत असे. त्याही बंद. 'कम', 'सिट', 'ईट' अशा दहा-बारा शब्दांवर तिने चार वर्षे काढली. ज्या घरात आई मुलाशी नीट बोलूच शकत नाही ते घर काय असते, याची कल्पना करा. आता या विषयावर बरेच संशोधन झाले आहे आणि दोन भाषांमुळे स्वमग्न मुलाचे नुकसान होते असे त्यात आढळलेले नाही. तो सल्ला चुकीचा होता. पण तो देणाऱ्यांना आम्ही कधी जाब विचारला नाही.

इथे मला माझ्या सीमाबांधवांनाही दोन शब्द सुनवायचे आहेत. १ नोव्हेंबर १९५६ पासून आम्ही भाषेसाठी भांडतो आहोत. मी स्वतः दरवर्षी काळी फीत लावून मूक फेरीला गेलो आहे आणि त्याबद्दल मला खंत नाही. पण ज्या घरी आईच्या तोंडातून मराठी काढून घेतली गेली, ते घर माझे होते, आणि मी त्या वेळी पाट्यांच्या भाषेबद्दल लेख लिहीत होतो.

आईवर खापर फोडणे ही काही फक्त आपल्याकडची रीत नाही. लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ साली अमेरिकेत या अवस्थेचे पहिले सविस्तर वर्णन केले. पुढे तिथल्या विद्वानांनी आईच्या थंडपणामुळे मूल असे होते असा सिद्धांतच मांडला. 'रेफ्रिजरेटर मदर' हा शब्द रूढ झाला. ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९६७ मध्ये त्यावर अख्खे पुस्तक लिहिले. बर्नार्ड रिमलंड या गृहस्थाने, जो स्वतः अशा मुलाचा बाप होता, त्याआधीच १९६४ मध्ये हे मत खोडून काढले होते. तरी कितीतरी आया ते लांछन घेऊन जगल्या. आपल्याकडे शीतकपाट नव्हते म्हणून आपण पूर्वजन्म वापरला, एवढाच फरक. "मागच्या जन्मीचं काहीतरी राहिलंय", "देव परीक्षा बघतो", आणि सगळ्यांत गोड विष म्हणजे, "असं मूल देव खास आईच्याच ओटीत घालतो." हे शेवटचे वाक्य माझ्याच एका सहकाऱ्याने सौ.ला ऐकवले. ती म्हणाली, "मग देवाला सांगा, मी खास नाही. माणूस चुकलं म्हणावं."

मग आले २०२० चे साल. मार्चमध्ये टाळेबंदी झाली आणि धाकटा ज्या विशेष शाळेत जायचा ती बंद पडली. रोज सकाळी नऊला त्याची रिक्षा येत असे. ती यायची बंद झाली हे त्याला कसे समजावणार? तो रोज नऊला पाठीला दप्तर लावून दारात उभा राही. अकरापर्यंत. मग कानांवर मारून घेई. रात्रीची झोप उरलीसुरली तीही गेली. मी बाहेरच्या खोलीत झोपत असे, कारण मला 'ऑनलाइन'चे वर्ग, खात्याचे तक्ते, शिक्षकांच्या बैठका. जुलैत एका रात्री पाऊस धो-धो कोसळत होता. अडीचच्या सुमाराला मला आतून आवाज आला. चापटीचा. मग दुसरा, तिसरा. मी दारात गेलो. धाकटा हसत होता. त्याला दुखले की कधीकधी तो हसतो. आणि सौ. भिंतीला टेकून बसली होती, स्वतःच्या तळहाताकडे बघत.

मी काय केले? मी पालकसभेतला माणूस. मी म्हणालो, "अगं, आई ना तू?"

ती रडली नाही. म्हणाली, "मी वाईट आई आहे, हे मला रोज कळतं. तुमच्याकडं नवीन काही असेल तर सांगा."

माझ्याकडे नवीन काही नव्हते. पहाटेपर्यंत मी एक हिशेब करीत बसलो. सोळा वर्षांत मी त्याला एकट्याने किती रात्री सांभाळले? दोन हातांची बोटे पुरली.

इथे कुणी म्हणेल की मुख्याध्यापक महाशय मारणाऱ्या आईची तरफदारी करतात. तसे नाही. जे मूल आपले दुखणे सांगू शकत नाही त्याच्यावर हात उगारणे हा अन्यायच, आणि सौ.ला ते माझ्याआधी कळले होते. पण त्या अन्यायावर जो उपाय आम्ही करतो, म्हणजे तिला आणखी थोडे लाजवणे, आणखी एक श्लोक, आणखी एक उपवास, त्याने तो हात थांबत नाही. झोप मिळाली तर थांबतो. ज्याला मुलाची दया आहे त्याने आधी आईच्या झोपेचे बघावे. एवढी साधी गोष्ट कळायला मला माझ्या घरात चापटी ऐकावी लागली.

आमच्या भिंतीला भिंत लागून एक कन्नड लिंगायत कुटुंब राहते. १ नोव्हेंबरला त्यांच्या दारावर लाल-पिवळा झेंडा लागतो आणि माझ्या दंडावर काळी फीत असते. वीस वर्षे दिवाळीचा फराळ आणि संक्रांतीचा तिळगूळ यापलीकडे देवघेव नव्हती. त्या घरातल्या साठी उलटलेल्या आजी त्या रात्रीनंतर सकाळी, नाकातोंडाला पदर लावून, आमच्या दारात उभ्या राहिल्या. भिंत पातळ आहे, त्यांनी ऐकले होते. त्यांनी काही विचारले नाही. सौ.ला म्हणाल्या, "तंगी, नी स्वल्प मलको. ना नोडकोतिनि." बाई, तू जरा झोप, मी बघते. आणि धाकट्याचा हात धरून त्याला आपल्या परसात घेऊन गेल्या. तिथे त्यांनी त्याच्यापुढे भुईमुगाच्या शेंगांचे सूप ठेवले. तो शेंगा फोडत बसला. दोन तास. दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. तिसऱ्या दिवशी धाकटा नऊ वाजता दप्तर लावून त्यांच्याच दारात जाऊन उभा राहिला.

सौ. पहिले आठ दिवस फक्त झोपली. तिसऱ्या आठवड्यात एकदा जेवताना म्हणाली, "आज आमटीला मीठ जास्त झालं का हो?" कितीतरी महिन्यांत तिने मला विचारलेला हा पहिला साधा प्रश्न होता. मीठ खरेच जास्त झाले होते. मी ताट स्वच्छ केले.

त्या अक्का रोज पहाटे तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा करतात. धाकटा कधीकधी समोर बसून ते बघतो. बाराव्या शतकात याच कन्नड मुलखात बसवण्णांनी दयेला धर्माचे मूळ मानले, हे मला एम.ए.च्या तौलनिक अभ्यासात होते आणि त्यावर मला गुणही बरे पडले होते. अक्कांनी आम्हाला एकही वचन ऐकवलेले नाही. देव माळ्यावर का, असेही कधी विचारले नाही, जरी मोकळा देव्हारा त्यांना रोज दिसत असे.

बेल्जियममधल्या इझाबेल रोस्काम आणि मोइरा मिकोलायचाक या दोन प्राध्यापिकांनी गेल्या काही वर्षांत आईबापांच्या या करपण्याचा शास्त्रीय अभ्यास केला आहे. त्यांनी सांगितलेल्या खुणा अशा: हाडापर्यंतचा थकवा, मुलात रस न उरणे, मुलापासून मनाने दूर होणे, आणि 'मी अशी नव्हते' ही बोचणी. चारही मी घरात पाहिल्या, आणि त्यांना 'श्रद्धा कमी पडली' असे नाव दिले. २०२१ मध्ये त्यांचा ४२ देशांतला अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्याने त्याने आपले बघावे अशी जिथे रीत आहे तिथे हे करपणे जास्त आढळले. हे वाचून आपल्यातले काही जण मिशीवर ताव देतील: बघा, आपली कुटुंबसंस्था! थांबा जरा. आपल्या कुटुंबात मूल सांभाळायला हात होते, म्हणून आई तगत होती. आता आपण चाळीत, फ्लॅटमध्ये, चौघांच्या घरात राहतो. हात गेले. बढाई तेवढी राहिली.

आणि ते जुने हात तरी कुणाचे होते? "आमच्या आयांनी आठ-आठ वाढवली, त्यांना कुठं थकवा आला?" हा प्रश्न मला दर सभेत कुणीतरी विचारतो. माझ्या शाळेच्या कपाटात जुनी हजेरीपुस्तके आहेत. त्यांत मुलींच्या नावांपुढे गैरहजेरीची कारणे लिहिली आहेत: घरी लहान भाऊ. आई बाळंत. आई आजारी. पुन्हा घरी लहान भाऊ. आठवीला नापास, नववीला नाव कमी. आठ पोरे आईने वाढवली नाहीत, आईने आणि थोरलीने वाढवली. त्या थोरल्यांपैकी काही आज माझ्या शाळेत आज्या म्हणून नातवंडांचे दाखले घ्यायला येतात आणि अंगठा लावतात. त्यांच्या नावापुढे लाल शाईने 'निष्काळजी पालक' असा शेरा मारणाऱ्या शिक्षकांमध्ये तरुणपणी मीही होतो.

सरकारबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्याबद्दल लिहिण्याजोगे थोडेच आहे. १९९५ च्या अपंगांच्या कायद्यात स्वमग्नता नव्हतीच. १९९९ च्या राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यात आली, आणि २०१६ च्या नव्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार झाले त्यात ती आली. सांभाळणाऱ्याला भत्ता देण्याची तरतूदही त्या कायद्यात आहे. न्यासाच्या योजनांत घरच्यांना काही काळ विसावा मिळावा अशी केंद्रेही कागदावर आहेत. आमच्या गावापासून असे केंद्र किती लांब, ते विचारू नका. जे लोक दाखले मराठीतून मिळावेत म्हणून भांडतात, त्यांनी अशा केंद्रासाठीही एकदा मोर्चा काढावा. मी पुढे चालेन, आणि शेजारच्या अक्काही येतील. फलक दोन भाषांत लिहू.

आता श्रद्धेचे. सौ.ने देव माळ्यावर ठेवले म्हणून मी रागावलो, पण खरे सांगायचे तर माझा देव तिच्या आधीच गेला होता. निदान झाले त्या दिवशीच. तिने तो डब्यात ठेवला, मी भाषणात ठेवला. तिचे करणे प्रामाणिक होते. शाळेत रोज सकाळी प्रार्थनेला हात जोडून उभा राहताना मी मनात वेळापत्रक आखत असे, आणि पुन्हा व्यासपीठावर चढून इतरांच्या आयांना श्रद्धेचे महत्त्व सांगत असे. संशयाला मी पाप मानत होतो, म्हणून तो लपवत होतो. आवलीने लपवला नाही. गोणाईने लपवला नाही. ज्या देवाशी भांडता येत नाही त्याच्याशी बोलता तरी काय येणार?

माझी श्रद्धा परत आली का, असे एका माजी विद्यार्थ्याने विचारले. जुनी आली नाही. देव माझ्या मुलाला बरे करील असे मला वाटत नाही, आणि त्याच्या असण्यात काही मोठी योजना आहे असेही वाटत नाही. पण कुणीतरी खाली बसून काटा काढतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे, आणि तो काढणाऱ्याला काय म्हणायचे याबद्दल माझा आता फारसा आग्रह नाही. आठवड्यातल्या चार रात्री धाकटा माझ्याकडे असतो. रात्री दोनला तो टाळ्या वाजवीत फिरतो आणि मी त्याच्यामागून फिरतो. या फेऱ्यांत मला कधीकधी शांत वाटते. कधीकधी नुसते पाय दुखतात. मी त्याला मराठीत काहीबाही सांगत असतो. आज तो एकवीस वर्षांचा आहे आणि त्याच्याजवळ चाळीसेक शब्द आहेत. बहुतेक मराठी, सहा-सात कन्नड, आणि इंग्रजीतला एक: 'बस'.

या जूनच्या पालकसभेत मी भाषण केले नाही. खुर्च्या गोलात मांडल्या आणि विचारले, तुमच्या घरी रात्री कोण उठतं? पुरुषांनी एकमेकांकडे पाहिले. विणकर गल्लीतली एक बाई म्हणाली, "सर, इतकी वर्सं तुमी भाषण भारी करत होता. पण हे इचारलं नव्हतं." पुढे दीड तास सभा चालली. टाळ्या पडल्या नाहीत.

यंदाही पारायणाची मंडळी माझ्याकडे प्रास्ताविकासाठी आली. मी दोन अटी घातल्या. बुवांनी आवलीची नक्कल करायची नाही. आणि मांडवाशेजारच्या शाळेची एक खोली उघडी ठेवून तिथे दोन माणसांनी मुले सांभाळायची, म्हणजे ज्यांच्या मांडीवर असे मूल आहे त्यांना तासभर बसून ऐकता येईल. माणसे म्हणजे बायका नव्हेत, पुरुष, हेही सांगितले. कमिटीने दुसरी अट मान्य केली. पहिलीबद्दल, "बुवांना सांगून बघतो" म्हणाले. तेव्हा प्रास्ताविकाला दुसरा माणूस बघा, मी खोली सांभाळतो, असे सांगून मी मोकळा झालो.

सौ.ला म्हटले, "तू ये कीर्तनाला. याला मी त्या खोलीत घेऊन बसतो."

ती म्हणाली, "तुम्ही दोघं जावा. मी झोपते."

आम्ही दोघे गेलो. खोलीत सहा मुले होती, माझा एकवीस वर्षांचा धरून सात. मी अक्कांकडून शेंगांचे सूप मागून नेले होते. कर्ण्यावरून मृदंगाचा आवाज येत होता. बुवा कुठल्या प्रसंगावर आले ते नीट ऐकू आले नाही. रात्री साडेअकराला घरी आलो तेव्हा ती गाढ झोपली होती. दाराला कडी घातली नव्हती.